न्यूझीलंडचा वेस्ट कोस्ट कॅम्परव्हॅनने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूझीलंडच्या साउथ आयलंडचा पश्चिम किनारा म्हणजे एका अंगाला टास्मान समुद्र, दुसऱ्या अंगाला सदर्न आल्प्स आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत पावसाने ओथंबलेलं जंगल. आम्ही दोघं तिथे कॅम्परव्हॅनने दोनदा गेलो, एकदा डिसेंबरात आणि एकदा ऑगस्टात. तेव्हापासून ओळखीतले लोक विचारत असतात. बहुतेकांचा दिवसवार आराखडा तयारच असतो. तो हातात आला की मी आधी पावसासाठी राखलेला दिवस शोधते, आणि तो सहसा नसतो. त्यामुळे खाली त्या दिवसाचा विषय पुन्हा पुन्हा येईल. या किनाऱ्यावर तुमचं वेळापत्रक चालत नाही, आभाळाचं चालतं. हे आधी मान्य केलं तर सहल फार सुंदर होते.

रस्ता नेमका कुठून कुठे जातो?

स्टेट हायवे ६. उत्तरेला वेस्टपोर्ट, मग पुनाकाइकी, ग्रेमाउथ, होकिटिका, फ्रान्झ जोसेफ, फॉक्स ग्लेशियर आणि दक्षिणेला हास्ट. वेस्टपोर्ट ते हास्ट अंतर साधारण ४२० किलोमीटर. तिथून रस्ता समुद्राला पाठ करून हास्ट पास ओलांडतो आणि वानाकाला उतरतो, ते आणखी १४० किलोमीटर धरा.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाकते. हा रस्ता सगळीकडे समुद्राला लागून जात नाही. समुद्र खरा भेटतो तो वेस्टपोर्ट ते ग्रेमाउथ या शंभरेक किलोमीटरमध्ये. तिथे कडे, वळणं, खाली फेसाळ लाटा असं सगळं आहे. होकिटिकाच्या पुढे रॉस सोडलं की रस्ता आत जंगलात शिरतो आणि थेट ब्रूस बेला पुन्हा पाण्याशेजारी येतो.

म्हणून क्राइस्टचर्चहून निघणाऱ्यांना मी आर्थर्स पासऐवजी लुइस पासने जायला सांगते. आर्थर्स पासचा रस्ता देखणा आहे, पण तो ग्रेमाउथच्या दक्षिणेला उतरतो आणि समुद्राकाठचा सगळ्यात चांगला टप्पा मागे राहून जातो. लुइस पास, रीफ्टन, मग बुलर नदीच्या घळीतून वेस्टपोर्ट असं आलात की सुरुवातच समुद्रापासून होते. वाटेत हॉक्स क्रॅग लागतं. तिथे कडा आतून कोरून एकाच गाडीपुरता रस्ता काढलाय आणि डोक्यावर दगडाचं छप्पर येतं. व्हॅनची उंची कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा, असल्या ठिकाणी मन शांत राहतं.

किती दिवस लागतील?

क्राइस्टचर्च ते वानाका पाच रात्रींत होतं. आठ रात्री असतील तर नीट होतं. नकाशावर अंतरं किरकोळ दिसतात, पण तासाला ६० किलोमीटरच्या वर सरासरी धरू नका.

आठ रात्रींमधल्या दोन कोऱ्या ठेवा, म्हणजे बुकिंग नाही आणि ठिकाणही ठरलेलं नाही. पाऊस लागला तर त्या उपयोगी येतील. नाही लागला तर जिथे पाय निघत नाही तिथे आणखी एक रात्र राहता येईल. आमच्या पहिल्या फेरीत एकही रात्र कोरी नव्हती. फॉक्सला पोहोचलो तेव्हा ढग छपरापर्यंत उतरलेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचं बुकिंग होतं म्हणून तसेच निघालो. शेजारच्या गाडीतलं जोडपं थांबलं. दोन दिवसांनी हास्टला ते पुन्हा भेटले, तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्यात फॉक्सजवळच्या लेक मॅथेसनच्या काळ्या पाण्यात पडलेलं आओराकीचं, म्हणजे माउंट कुक शिखराचं, अख्खं प्रतिबिंब होतं.

कधी जावं? खरंच एवढा पाऊस असतो का?

असतो. होकिटिकाला वर्षाला सुमारे २,९०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो समुद्रकाठचा आकडा आहे. टास्मान समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे थेट आल्प्सवर आदळतात. आओराकी ३,७२४ मीटर उंच आणि समुद्रापासून जेमतेम तीसेक किलोमीटरवर. एवढ्या थोड्या अंतरात एवढं उंच चढावं लागल्यावर ढग सगळं ओझं तिथेच टाकतात. होकिटिकाच्या मागच्या डोंगरात क्रॉप नदीच्या खोऱ्यात वर्षाला ११,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस मोजला जातो.

पण हा पाऊस दिवसेंदिवस रिपरिप करणारा नसतो. धो धो कोसळतो, थांबतो, आणि दुसऱ्या दिवशी आभाळ असं धुऊन निघतं की बर्फाची शिखरं हाताला लागतील असं वाटतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा, दिवस मोठा, सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, गर्दी आणि भाडंही सगळ्यात जास्त. जून ते ऑगस्ट थंडी असते, पण निरभ्र दिवस बरेच मिळतात आणि कॅम्पसाइट मोकळ्या असतात. मला विचाराल तर ऑगस्टची फेरी सरस झाली. फक्त लुइस, आर्थर्स आणि हास्ट या तिन्ही घाटांत पहाटे रस्त्यावर बर्फाचा पातळ थर असू शकतो, म्हणून दहाच्या आधी घाट चढू नका, आणि गाडीसोबत चाकांना लावायच्या चेन मिळतात का ते भाड्याने घेतानाच विचारा.

व्हॅन केवढी घ्यावी? लायसन्स कोणतं लागतं?

गाडी डाव्या बाजूने चालवायची असते. लायसन्स इंग्रजीत छापलेलं असेल तर तेच चालतं, नसेल तर अधिकृत भाषांतर किंवा इंटरनॅशनल परमिट लागतं. मोकळ्या रस्त्यावर कमाल वेग ताशी १००, आणि ३,५०० किलोच्या वरच्या गाड्यांना ९०.

दोघं असाल तर लहान व्हॅन घ्या. मोठ्या मोटरहोममध्ये ऐसपैस वाटतं, पण वळणावर समोरून दुधाचा टँकर आला की आतली जागा आठवत नाही. मात्र आत उभं राहता आलं पाहिजे. पावसात दिवसभर अडकल्यावर कमरेत वाकून चहा करणं दुसऱ्याच दिवशी नकोसं होतं. गॅसवर किंवा डिझेलवर चालणारा हीटर आहे का, तेही बघा. नुसता इलेक्ट्रिक हीटर असेल तर तो वीज असलेल्या साइटवरच चालतो.

करारात दोन गोष्टी वाचल्याशिवाय सही करू नका. डिझेल गाडीला दर हजार किलोमीटरमागे रोड यूजर चार्ज, म्हणजे रस्ता वापरण्याचा कर, असतो, तो बहुधा शेवटी वेगळा लावतात. आणि कच्च्या रस्त्यावर विमा चालतो का? करामियाजवळची ओपारारा कमान किंवा फॉक्सजवळचा गिलेस्पीज बीच, दोन्हींचा रस्ता खडीचा आहे. छताला आणि गाडीच्या पोटाला झालेलं नुकसान तर पूर्ण विमा घेऊनही अनेकदा त्यात बसत नाही.

एकपदरी पुलांची भीती वाटते. काय करायचं?

या रस्त्यावर असे पूल खूप आहेत, तेव्हा चिन्ह पाठच करा. लाल कडेची गोल पाटी आणि तुमच्या दिशेचा बाण लाल व बारका असेल तर तुम्ही थांबायचं, समोरच्याला आधी येऊ द्यायचं. निळ्या चौकोनात तुमच्या दिशेचा बाण मोठा आणि पांढरा असेल तर आधी तुम्ही. तरीही वेग कमी करून समोर बघूनच पुलावर चढायचं. हास्ट नदीवरचा पूल ७०० मीटरहून लांब आणि एकपदरी आहे. गाड्यांना एकमेकींना वाट देता यावी म्हणून त्यावर मध्येच रुंद कप्पे ठेवलेत.

आणि आरशात मागे गाड्या साचलेल्या दिसल्या की डावीकडे मोकळी जागा बघून बाजूला व्हा. मागचे लोक कामावर निघालेले असतात. वाट दिली की हमखास हलकासा हॉर्न वाजवून आभार मानतात.

रात्री कुठेही गाडी लावून झोपता येतं का?

नाही. समुद्रकाठी, एकटं, मोफत असं चित्र मनात घेऊन लोक येतात आणि दंडाची पावती घेऊन जातात. त्याला फ्रीडम कॅम्पिंग म्हणतात आणि त्यासाठी २०११पासून स्वतंत्र कायदा आहे. २०२३मध्ये तो आणखी कडक झाला. कौन्सिलच्या जागेवर झोपायचं तर, जिथे वेगळी मुभा दिली असेल ती ठिकाणं सोडून, गाडी सेल्फ-कंटेन्ड हवी आणि तसं हिरवं प्रमाणपत्र लावलेलं हवं. टॉयलेट गाडीत पक्कं बसवलेलं असावं लागतं, बेड उघडल्यावरही ते वापरता आलं पाहिजे. माणशी चार लिटरप्रमाणे तीन दिवसांचं पाणी आणि तेवढंच सांडपाणी साठवायची टाकी लागते. त्यातही बुलर, ग्रे आणि वेस्टलँड या तीन कौन्सिलचे नियम वेगवेगळे. त्यामुळे गाव बदललं की पाटी वाचायची. पाटी नाही म्हणजे परवानगी आहे, असं समजू नका.

आमचा अनुभव सांगायचा तर फ्रीडम कॅम्पिंगच्या मागे लागण्यात अर्थ नाही. डीओसी, म्हणजे तिथलं निसर्गसंवर्धन खातं, साध्या कॅम्पसाइट चालवतं. टॉयलेट, पाण्याचा नळ, कधी स्वयंपाकाची शेड, बस. दर तिसऱ्या रात्री मात्र वीज असलेल्या हॉलिडे पार्कमध्ये जा. बॅटरी भरते, कपडे धुऊन वाळतात आणि मनसोक्त गरम पाणी मिळतं. सगळ्यात आवडलेली रात्र ओकारिटोच्या कॅम्पग्राउंडवरची. मुख्य रस्त्यापासून १३ किलोमीटर आत, मूठभर घरांचं गाव. रात्रभर लाटा गोट्यांच्या किनाऱ्यावर येत होत्या. लाट फुटल्याचा आवाज, आणि मग मागे सरणाऱ्या पाण्याबरोबर हजारो गोटे घरंगळल्याचा खळखळाट. दिवा मालवून बराच वेळ नुसतं ऐकत पडलो होतो.

टॉयलेटची कॅसेट रिकामी करणं फार घाणेरडं काम आहे का?

दोन मिनिटांचं काम आहे, भरून वाहीपर्यंत थांबलं नाही तर. बाहेरच्या बाजूच्या कप्प्यातून कॅसेट, म्हणजे मैला साठायची पेटी, ओढायची, डम्प स्टेशनवर, म्हणजे ती रिकामी करायच्या ठरलेल्या जागी, नळी वळवून ओतायची. ओतताना हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरा, नाहीतर पाणी गचके देत येतं आणि पायावर उडतं. मग स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळून, औषधाची मात्रा टाकून परत बसवायची. भांडी घासल्याचं सांडपाणीही तिथेच सोडायचं. ते रस्त्याकडेला किंवा झाडीत सोडणं हा गुन्हा तर आहेच, पण इथली नदी अर्ध्या तासात समुद्राला मिळते. त्या पाण्यात सील आणि पेंग्विन पोहत असतात.

सँडफ्लाय म्हणजे काय? सगळे घाबरवतात.

चिलटाएवढी काळी माशी, माओरी भाषेत तिला नामू म्हणतात. चावते फक्त मादी. चावल्याचं लगेच कळतही नाही, पण खाज आठवडाभर पुरते. पहाटे, संध्याकाळी आणि पावसाआधी ढग दाटले की जास्त. जोराचा वारा किंवा मुसळधार पाऊस असेल तर नाही, आणि पूर्ण अंधार पडला की बाहेरही चावत नाही. फिकट रंगाचे, लांब बाह्यांचे कपडे घाला. गडद रंगावर ती जास्त बसते. घोटे उघडे ठेवू नका.

खरी काळजी व्हॅनच्या दाराची. पोहोचल्या पोहोचल्या सरकतं दार उघडं टाकून खुर्च्या बाहेर काढत बसलात की रात्रभर आत पाहुणे. दाराशेजारी कोण बसणार, सामान कोण देणार हे आधी ठरवा. दार वीतभर उघडायचं, हवं ते घ्यायचं, लावायचं.

पुनाकाइकीचे पॅनकेक रॉक्स बघायला किती वेळ लागतो?

पायवाट वीस मिनिटांची. पण वीस मिनिटांत बघून निघालात तर काहीच बघितलं नाही.

चुनखडीचे थरावर थर रचलेले हे कडे, सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी तयार झालेले. त्यांच्या पोटात समुद्राने बोगदे कोरलेत. भरतीच्या वेळी लाट बोगद्यात शिरते, कोंडली जाते आणि वरच्या भोकातून फवारा उसळतो. ओहोटीला जाल तर नुसते दगड दिसतील. म्हणून आदल्या रात्रीच भरतीची वेळ बघा आणि अर्धा तास आधी जाऊन उभे राहा. नैऋत्येकडून लाटांचा जोर असेल तर उत्तमच. आवाज कानाला ऐकू येण्याआधी तळपायाला जाणवतो: कठड्याखाली कुठेतरी खोल एक ठोका पडतो, क्षणभर शांतता, मग दगडातून श्वास सोडल्यासारखा फूत्कार, आणि चेहऱ्यावर खारट तुषार. आम्ही दोन तास तिथेच होतो.

जवळच ट्रुमन ट्रॅक आहे, जंगलातून पंधरा मिनिटांत समुद्रावर उतरवणारा. तो उलट ओहोटीला करायचा, कारण भरतीत खालचा किनारा उरतच नाही. पुनाकाइकीच्या टेकड्यांवर वेस्टलँड पेट्रेल हा समुद्रपक्षी घरटी करतो. जगात दुसरीकडे कुठेही करत नाही. हिवाळ्यात अंधार पडताना हे पक्षी समुद्रावरून परततात.

हिमनद्यांवर चालता येतं का?

खालून चालत जाऊन आता नाही. फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या दोन्ही हिमनद्या झपाट्याने मागे हटल्यात. फ्रान्झ जोसेफवर २०१२पर्यंत दरीतून चालत बर्फावर नेत असत, आता हेलिकॉप्टरनेच जावं लागतं. फॉक्सच्या दरीतला रस्ता २०१९मध्ये दरडींनी गेला तो कायमचाच. लांबून बघायच्या पायवाटा आहेत. त्या करा, पण तिथे जुन्या छायाचित्रांतला बर्फ शोधू नका. मोकळी पडलेली, करड्या गोट्यांची दरी बघताना मला तरी बोलावंसं वाटलं नाही.

पार्किंगमध्ये किआ पोपट भेटतील. हिरवे, धीट, अतिशय हुशार. दाराचं रबर आणि अँटेना त्यांना फार प्रिय. खायला काहीही देऊ नका. माणसाच्या अन्नाची चटक लागली की ते रस्त्यावर येतात आणि गाडीखाली जातात.

डिझेल, किराणा, मोबाइलची रेंज?

वेस्टपोर्टला टाकी भरा, पुनाकाइकीला पंप नाही. फॉक्सला पुन्हा भरा, कारण पुढे हास्टपर्यंत १२० किलोमीटर काही नाही. होकिटिकाचं सुपरमार्केट हे वानाकाच्या आधीचं शेवटचं मोठं. पुढे छोटी दुकानं आहेत, पण भाजीपाल्याला निवड नसते. शाकाहारी असाल तर डाळ-तांदूळ, कांदे-बटाटे तिथेच भरून घ्या. न्यूझीलंडमध्ये उतरताना जवळचा प्रत्येक खाद्यपदार्थ फॉर्मवर लिहा. लिहायचं राहून गेलं तर जागेवर ४०० डॉलर दंड होतो.

रेंज गावांत मिळते, मध्ये लांबच लांब नाही. नकाशे आधी डाउनलोड करा आणि त्या दिवशी कुठे जाताय ते कुणाला तरी कळवून ठेवा. आपत्कालीन क्रमांक १११.

लहान मुलांना घेऊन जाता येईल का?

जरूर. सातवा वाढदिवस होईपर्यंत मुलाला चाइल्ड सीट सक्तीची आहे. मात्र अनेक छोट्या व्हॅनच्या मागच्या सीटवर ती बसतच नाही, म्हणून बुकिंगच्या आधी विचारा. केप फाउलविंडला टाउरंगा बेच्या वर सील वसाहत आहे. उन्हाळ्यात पिल्लं खडकातल्या डबक्यांत खेळताना दिसतात आणि मुलं तिथून हलत नाहीत. वाटेत कुठेही सील दिसला तर वीस मीटर लांब राहायचं, आणि त्याच्या व समुद्राच्या मध्ये कधीही उभं राहायचं नाही.

समुद्रात उतरावं का?

घोट्यापर्यंत, तेही लाटांकडे तोंड करून. पाणी थंड, तळ एकदम खोल जाणारा, ओढ जबर, आणि बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नाहीत. वाळूवर फिरताना मागून येणारी एखादी लाट बाकीच्यांपेक्षा खूपच आत येते. मी तशी एक ब्रूस बेजवळ बघितली. समोरच्या माणसाचे बूट, पिशवी एका फटक्यात गेली, तो मात्र वाचला.

किनारा बघायचाय तो चालत बघा. होकिटिकाला लाटांनी आणून टाकलेली पांढरी लाकडं आणि सूर्यास्त. पौनामू म्हणजे हिरवा दगड सापडू शकतो. तो कायद्याने ङाइ ताहू या माओरी जमातीच्या मालकीचा आहे. पण वेस्ट कोस्टच्या किनाऱ्यांवर एका माणसाला दिवसभरात स्वतःला उचलता येईल तेवढा घ्यायची त्यांनी मुभा ठेवलीय. हा त्यांचा मोठेपणा आहे, तेवढीच जाण ठेवून उचलावा.

आणखी एक. या पट्टीखालून आल्पाइन फॉल्ट, म्हणजे भूकंप घडवणारी जमिनीतली मोठी भेग, जाते. किनाऱ्यावर असताना भूकंपाचा धक्का जोराचा किंवा मिनिटभराहून लांबलेला वाटला तर सायरनची, मेसेजची वाट न बघता चालत उंचावर निघायचं.

रस्ता बंद झाला तर?

होतो. मुसळधार पावसानंतर दरड येणं इथे नेहमीचं आहे, आणि हास्ट पास बंद झाला तर फॉक्सपासून वानाकाला पोहोचायला उलट ग्रेमाउथच्या बाजूला जाऊन आर्थर्स पास ओलांडून अख्ख्या बेटाला वळसा पडतो. रोज सकाळी निघण्याआधी रस्त्यांची आणि हवामानाची स्थिती बघा. विमान ज्या दिवशी आहे त्याच्या आदल्या दिवशी हास्ट पास ओलांडायचा बेत कधीही करू नका. कोऱ्या ठेवलेल्या रात्रींमधली एक याचसाठी होती.

हास्टहून थेट वानाकाला निघावं की जॅक्सन बेला जावं?

जॅक्सन बे. हास्टपासून पन्नासेक किलोमीटर, रस्ता डांबरी, आणि पुढे रस्ता नाहीच. त्याच रस्त्याने परत यावं लागतं म्हणून लोक टाळतात.

त्याआधी, हास्टला पोहोचण्यापूर्वी, नाइट्स पॉइंटला थांबा. १९६५मध्ये हा टप्पा जोडला गेला आणि वेस्ट कोस्टचा रस्ता पहिल्यांदा सलग झाला. या टोकाला नाव दिलंय सर्वेक्षण करणाऱ्याच्या कुत्र्याचं. पुढे शिप क्रीकला लाकडी पायवाटेवरून काहिकाटिआ या झाडांच्या दलदलीतल्या जंगलात वीस मिनिटं फिरा. पाणी चहासारखं तांबूस आणि इतकं निश्चल की झाड कुठे संपतं आणि प्रतिबिंब कुठे सुरू होतं ते कळत नाही.

जॅक्सन बेला एक धक्का आहे, काही होड्या, थोडी घरं. सगळा किनारा पश्चिमेच्या लाटा अंगावर घेत असताना हा उपसागर मात्र डोंगराच्या आडोशाला शांत असतो. आम्ही गेलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. व्हॅनच्या काचा आतून दमट झाल्या होत्या, त्या पुसून दार वीतभर उघडलं. धक्क्याच्या टोकाशी एक बाई गळ टाकून बसली होती. पाण्यात गोल पंखाचे दोन डॉल्फिन वर आले, तिने मान वळवून आम्हाला नुसतं बोटाने दाखवलं आणि पुन्हा दोरीकडे बघत बसली.